मदत हवी आहे : शीर्षकाला वाचक येतो, पण थांबत नाही

नमस्कार मंडळी. ट्रेकवर लिहायचा नाद आहे. मागच्या वर्षी राजमाची किल्ल्यावर लेख लिहिला, शीर्षक दिलं ‘राजमाची : एक अविस्मरणीय अनुभव’. घरच्यांशिवाय कुणी फिरकलं नाही. (असली शीर्षकं मी स्वतः तरी कुठे उघडतो!)

मग बदलून ‘काजव्यांसाठी राजमाचीला जाताय? आधी हे वाचा’ केलं. लोक आले, पण बहुतेक जण अर्ध्या मिनिटात परत. कारण मला दिसतंय. पहिले तीन परिच्छेद पहाटेचा गजर, चुकलेली लोकल आणि कर्जतचा वडापाव यांत गेलेत. लोकांना हवं ते सगळं तळाशी : काजवे मे अखेर ते जूनमध्ये, पहिल्या पावसाच्या आगेमागे दिसतात, लोणावळ्याकडची वाट लांब पण सोपी, कोंदिवड्याची खड्या चढाची, श्रीवर्धन आणि मनरंजन असे दोन बालेकिल्ले.

ही माहिती वर आणली तर लेख नुसतं माहितीपत्रक होतो. वडापाव काढायचा जीव होत नाही. तुम्ही काय कराल?

दुसरं, लोक मोबाइलवर ‘राजमाची फायरफ्लाइज’ असंच शोधतात. शीर्षकात ‘काजवे’ ठेवू की ‘फायरफ्लाइज’? दोन्ही घातले तर ते लांबतं आणि शोधात अर्ध्यावर तुटतं.

‘थक्क व्हाल’ छापाचं शीर्षक मात्र सुचवू नका. तुमचं एखादं शीर्षक आधी काय होतं आणि नंतर काय केलं, असं उदाहरण दिलंत तर फार बरं होईल.