रात्री अकराला थकून पण वाचता येईल असं एखादं पुस्तक सांगाल का?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच काही विचारतेय, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी सांगलीची, वय ४३, एका पतसंस्थेत कॅश काउंटरला असते. दीड वर्षापूर्वी सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. मुलगा दहावीला, मिस्टर फिरतीवर, महिन्यातले पंधरा दिवस बाहेरच. सकाळी एक बाई येते चार तास, बाकी सगळं माझ्यावर. रात्री दोन-दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागते नाहीतर पाठीला जखमा होतात, त्यामुळे सलग झोप अशी नाहीच. आणि मधल्या वेळात मी मोबाईल घेऊन रील्स बघत बसते, झोप येत असली तरी बघते, सकाळी उठल्यावर डोकं जड आणि मन त्याहून जड.

गेल्या महिन्यात एक आजोबा काउंटरवर पासबुक भरून द्या म्हणून दोनदा म्हणाले आणि मी त्यांच्यावर ओरडले. ते काही न बोलता जाऊन बाकावर बसले. तो चेहरा डोळ्यासमोरून जात नाही. तेव्हा मैत्रीण म्हणाली अगं काहीतरी चांगलं वाचत जा.

म्हणून प्रदर्शनातून पाच पुस्तकं आणली, सगळी इंग्रजीवरून मराठीत आलेली. कुठलंच पुरं झालं नाही. पहाटे पाचला उठा, ध्येयं लिहून काढा, नकारात्मक माणसांपासून लांब राहा. मी पहाटे पाचला उठलेलीच असते हो, आणि घरातल्या माणसांपासून लांब कुठे जाऊ? एकात ३७ व्या पानावर दुधाचं बिल खूण म्हणून ठेवलंय ते अजून तिथेच आहे. आईची जुनी ज्ञानेश्वरी पण आहे घरी, उघडली की हात आपोआप जोडले जातात पण भाषा मला झेपत नाही, चार ओव्यांना अर्धा तास लागतो.

तर साध्या मराठीत, रोज दहा मिनिटं वाचता येईल असं काहीतरी सांगा. देवाधर्माचं असलं तरी चालेल पण व्रतवैकल्यं आणि अमुक केलं नाही तर तमुक होईल असलं भीती घालणारं नको.

---

खानदेशी मास्तर

ताई, तुमचं वाचून राहवलं नाही म्हणून लगेच लिहितोय. मी धुळ्याकडचा, ३४ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत होतो, आता निवृत्त.

विनोबांची 'गीता प्रवचने' घ्या. नावावरून जड वाटेल पण ते जड नाहीये कारण ते लिहिलेलंच नाहीये, बोललेलं आहे. १९३२ साली विनोबा आमच्या धुळ्याच्या तुरुंगात होते, तिथे दर रविवारी ते कैद्यांपुढे एक अध्याय सांगायचे. २१ फेब्रुवारीला सुरुवात आणि १९ जूनला शेवट, असे अठरा रविवार. साने गुरुजी पण त्याच तुरुंगात होते, त्यांनी ते बसून उतरवून घेतलं म्हणून आज आपल्या हातात आहे. ऐकणारे सगळे कैदी, घरदार बाहेर सोडून आलेले, सुटका कधी होईल माहीत नाही, अशांना समजेल आणि धीर येईल असं बोलायचं होतं, म्हणून भाषा इतकी सरळ आहे. उदाहरणं पण नदी, आई, शेतकरी, भाकरी अशीच.

कुठून सुरुवात करायची ते पण सांगतो. पहिल्या पानापासून करायलाच पाहिजे असं नाही. तुम्हाला घडी बसवायचीय ना, मग आधी सहावा अध्याय वाचा. त्यात चित्त एकाग्र कसं करायचं ते आहे आणि त्याच्या जोडीला जीवनातली परिमितता म्हणजे खाणं, झोपणं, बोलणं, बघणं सगळं मापात. गीतेतच आहे ते, युक्त आहार, युक्त विहार, झोप पण युक्त आणि जागणं पण युक्त. ताई, गीता झोप कमी करा म्हणत नाही, योग्य तेवढी घ्या म्हणते, हे आपल्याकडे कोणी सांगतच नाही. मग सतरावा वाचा. त्याची सुरुवातच अशी आहे की वागणं बांधलेलं असलं तर मन मोकळं राहतं, नदी दोन काठांमध्ये वाहते म्हणून तर समुद्रापर्यंत पोचते. मला नोकरी लागली तेव्हा एका वयस्कर शिक्षकांनी हे वाचायला लावलं होतं, तेव्हा कळलं नाही, बायको गेल्यावर कळलं.

किंमत पण अगदी कमी असते, पवनारचं परंधाम प्रकाशन काढतं. काही मोठ्या स्टेशनांवर सर्वोदय साहित्याचे स्टॉल असतात तिथे बघा, नाहीतर गावातल्या वाचनालयात शंभर टक्के असणार.

आणि ज्ञानेश्वरी झेपत नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. विनोबांच्या आईला पण संस्कृत गीता कळत नव्हती आणि मराठीतली तिच्यावरची पुस्तकं अवघड वाटायची, तूच का नाही सोपी करून लिहीत असं त्यांनी मुलाला विचारलं होतं, त्यातूनच पुढे 'गीताई' झाली. १९३० च्या ऑक्टोबरात लिहायला घेतली आणि फेब्रुवारी १९३१ मध्ये पुरी केली. म्हणजे तुमची जी अडचण आहे ना, त्याच अडचणीतून ते पुस्तक जन्माला आलंय.

---

रातपाळी

मी नर्स आहे, बारा वर्षं रात्रपाळ्या केल्यात, त्यामुळे दोन-दोन तासांनी उठणं म्हणजे काय ते मला विचारा. अशा वेळी डोकं एवढं थकलेलं असतं की डोळ्यांनी वाचलेलं आत जातच नाही, तीच ओळ चारदा वाचतो आपण. म्हणून माझं म्हणणं वेगळं आहे, मोठ्याने वाचा. आणि एकटीने नको, सासऱ्यांजवळ बसून वाचा.

मनाचे श्लोक घ्या. २०५ आहेत, सगळे भुजंगप्रयात वृत्तात, चाल लहानपणापासून कानात असते त्यामुळे श्वास आपोआप लयीत येतो. रोज पाचच म्हणा, चाळीस-एक दिवसात सगळे होतात.

सासऱ्यांजवळ का म्हणाले ते सांगते. झटक्याने ज्यांची वाचा जाते त्यातल्या काहींना स्वतःहून एक शब्द जुळवता येत नाही पण पाठ असलेली आरती, श्लोक, गाणं, आकडे हे तोंडातून येतात, कारण ते बोलण्यासारखं नवीन जुळवावं लागत नाही, मेंदूत वेगळ्या वाटेने साठलेलं असतं. आमच्या वॉर्डात एक आजोबा होते, बायकोचं नाव घेता येत नव्हतं, नुसते डोळ्यातून पाणी काढायचे. एका रात्री औषध देताना मी सहज गणाधीश जो ईश म्हटलं आणि पुढचं त्यांनी म्हटलं, अडखळत, पण अख्खी ओळ. मी हातातला ट्रे खाली ठेवला. सगळ्यांना येतंच असं नाही, आणि यासाठी स्पीच थेरपिस्टला विचाराच, पण तुमचे सासरे वारकरी असतील तर हरिपाठ म्हणून बघा, रामदासी असतील तर हे. नाही बोलले तरी ऐकतील. दीड वर्षात त्यांच्याशी बहुतेक सगळे जेवण, औषध आणि शी-शू एवढंच बोलले असतील.

---

आधी_विचार

वरची दोन्ही उत्तरं छान आहेत, मी जरा वेगळ्या कपाटातलं सांगतो.

अल्बर्ट एलिस नावाचा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होता, त्याने १९५५ च्या सुमारास एक उपचारपद्धती मांडली. मराठीत तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात, कि. मो. फडक्यांनी ती मराठीत आणली. सार असं की घटनेमुळे आपण थेट अस्वस्थ होत नाही, घटना आणि अस्वस्थता यांच्यामध्ये आपलं स्वतःशी चाललेलं बोलणं असतं. हे एलिसने पण जुन्या ग्रीक विचारवंताकडून, एपिक्टेटसकडून घेतलंय.

मराठीत हे ओळखायला एक सोपी खूण आहे, 'च'. मी चिडताच कामा नये. सासऱ्यांचं सगळं मीच केलं पाहिजे. मुलाला नव्वद टक्के पडलेच पाहिजेत. इच्छा असणं चुकीचं नाही, पण तिला हा 'च' चिकटला की तिचा हट्ट होतो आणि मग जरा इकडचं तिकडे झालं की आपण स्वतःला फटकारतो. मी एक वर्ष खिशात छोटी वही ठेवली होती, जास्त राग आला की डोक्यातलं वाक्य जसंच्या तसं लिहायचो आणि 'च' ला गोल करायचो. ताई तुम्ही त्या आजोबांवर ओरडलात, ते चुकलंच, त्यांची माफी मागता येईल. पण 'मी वाईट बाई आहे' हे त्या घटनेतून निघत नाही, ते तुम्ही वरून जोडलंय.

दुसरं म्हणजे, पुस्तक हे औषध नाही. रडू येणं, झोप उडणं, कशात मन न लागणं हे दोन आठवड्यांवर चाललं असेल तर डॉक्टरांशी बोला. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

---

मोकळं_बोलते

सगळ्यांबद्दल आदर ठेवून बोलते, मला हे वाचून थोडं टोचलं. एका बाईला रात्री सलग झोपच मिळत नाही आणि आपण तिला पुस्तकं सांगतोय. मन प्रसन्न कर, समाधान मान, ठेविले अनंते तैसेचि रहावे, हे आपल्याकडे नेहमी सुनांनाच का ऐकवतात? ताई, तुमच्या सासऱ्यांना दुसरी मुलं नाहीत का? मिस्टरांना भाऊ-बहीण? आठवड्यातल्या दोन रात्री जरी कोणी वाटून घेतल्या ना तर निम्मी अशांती तिथेच जाईल. मी माझ्या आईचं सहा वर्षं केलं, मला जे पुस्तकाने मिळालं नाही ते भावाने शनिवार-रविवार घेतला तेव्हा मिळालं, पहिल्या शनिवारी मी अकरा तास झोपले.

---

खानदेशी मास्तर

मोकळं_बोलते ताई, तुमचं शंभर टक्के पटलं, मी ते आधी विचारायला हवं होतं.

फक्त तुकोबांच्या त्या ओळीबद्दल सांगतो. ती सोसत राहा म्हणून वापरली जाते हे खरं, पण ज्याने लिहिली त्याचं बघा. १६३० चा दुष्काळ पडला, त्यात धंदा बुडाला, बायको अन्न अन्न करत गेली, हे त्यांनी स्वतः अभंगात सांगितलंय, काही झाकलं नाही. आणि तो माणूस गप्प पण बसला नाही, मिळेल त्या ढोंगावर तुटून पडला. तुकोबांचं समाधान म्हणजे गप्प बसणं असतं तर चार हजारांवर अभंग कशाला झाले असते? गाथा वाचायची तर हे डोक्यात ठेवून वाचायची.

---

कृष्णाकाठची

बारा-तेरा दिवसांनी लिहितेय, माफ करा. सगळ्यांची उत्तरं दोन-दोनदा वाचली.

आधी दिरांचं. फोन करायला तीन दिवस लागले, शब्दच सापडेनात. शेवटी मनातलं वाक्य कागदावर लिहिलं तर त्यात खरंच होतं, 'मी मागितल्याशिवाय त्यांना कळलंच पाहिजे'. त्या 'च' ला गोल केला आणि फोन लावला. ते म्हणाले वहिनी तुम्ही कधी बोलला नाहीत, आम्हाला वाटलं तुम्हाला चालतंय. आता शनिवारी रात्री ते येतात. मला राग पण आला आणि रडू पण आलं, दोन्ही.

रातपाळी ताई, सासरे वारकरी, तब्येत होती तोवर वारी चुकवली नव्हती. मी हरिपाठ लावला मोबाईलवर तर काहीच नाही, छताकडे बघत होते. मग मोबाईल बंद करून मीच म्हणायला लागले, माझा आवाज काही चांगला नाही. देवाचिये द्वारी झालं, दुसरा अभंग झाला आणि खट खट असा आवाज यायला लागला. बघते तर डाव्या हाताची बोटं पलंगाच्या लोखंडी दांडीवर टाळासारखी वाजतायत. शब्द आला नाही तोंडातून, अजून पण नाही. पण मी मध्ये एक कडवं विसरले तर बोटं थांबली आणि माझ्याकडे बघत राहिले. मग पुस्तकात बघून म्हटलं. आता रात्री नऊला तेच माझी वाट बघतात, दाराकडे तोंड करून.

पासबुकवाले आजोबा परत आले होते, माफी मागितली. ते म्हणाले कुठली गोष्ट? त्यांच्या लक्षात पण नव्हतं.

रील्स अजून सुटल्या नाहीत, खरं सांगते. झोपेसाठी डॉक्टरांची वेळ घेतलीय.

मास्तर, गीता प्रवचने वाचनालयात मिळालं, कव्हर फाटलेलं पण पानं सगळी आहेत. सहावा वाचला, तो कळला. मग चौथा उघडला तर कर्म, विकर्म, अकर्म यात अडकले. विकर्म म्हणजे वाईट कर्म ना? मग ते करा असं का म्हणतायत?

---

खानदेशी मास्तर

ताई, बोटांचं वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ अंगणात जाऊन बसलो होतो.

विकर्म म्हणजे विनोबांनी तिथे वाईट कर्म असं घेतलेलं नाही, विशेष कर्म असं घेतलंय, म्हणजे हात जे काम करतात त्याला आतून मनाची जोड. तिथेच अभिषेकाचं उदाहरण आहे बघा, पिंडीवर पाण्याची धार धरली पण मनाची धार त्याबरोबर पडत नसेल तर मग पूजा कसली, एक दगड इकडे आणि एक तिकडे. आणि हाताला मनाची जोड मिळाली की त्या कामाचं ओझं वाटेनासं होतं, त्याला ते अकर्म म्हणतात. काम तेवढंच राहतं, भार जातो.

तुम्ही दीड वर्ष सासऱ्यांची कूस बदलताय ते कर्म. आता नऊ वाजता जे चाललंय ते मनात ठेवून चौथा परत वाचा, पाच-सहाच पानं वाचा, आणि अडलं तर इथेच विचारा, मी रोज संध्याकाळी बघतो.