आधी सीटबेल्ट ओढून बघा

जुनी मोठी एसयूव्ही घ्यायची तर टोयोटा फॉर्च्युनर की फोर्ड एंडेव्हर, यावर बरीच चर्चा होते, पण मुंबईत जुनी गाडी घेताना आधी बघायचं ते ती पुराच्या पाण्यात बुडाली होती का. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. मी पाहिलेली एक गाडी बाहेरून चकाचक होती, पण बेल्टचा तळाचा चार बोटं पट्टा मातकट, कडक झालेला. तिथूनच परत फिरलो. मग रॅम्पवर चढवून चासीचे, म्हणजे खालच्या सांगाड्याचे, जोड तपासा, समुद्राच्या खाऱ्या हवेत गाडी खालून गंजते. डिफरन्शियलचं (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीचं) ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. घेतल्यावरही दर पावसाळ्यानंतर ते उघडून बघाच. आणि हो, फॉर्च्युनर जवळजवळ 4.8 मीटर लांब आहे. सोसायटीच्या पझल पार्किंगमध्ये (गाड्या वर-खाली, बाजूला सरकवणाऱ्या यांत्रिक पार्किंगमध्ये) मावेल का, टोकन देण्याआधी टेपने मोजा.