नाशकात चांगलं तयार रोस्ट चिकन कुठे मिळेल? (तंदुरी नको)

दुपारचा_चहा
नमस्कार मंडळी. येत्या रविवारी यांचे काका-काकू माहीमहून येताहेत. काकांची सगळी नोकरी वांद्र्याला झाली, तिथलं रोस्ट चिकन त्यांच्या जिभेवर बसलंय. अख्खी कोंबडी, कातडीसकट, वरून बदामी, आत ओलसर, मीठ-मिरी-लसूण एवढंच. लाल रंग नको, दही नको, चाट मसाला नको. वय ७६, वरची कवळी आहे, तिखट अजिबात चालत नाही.
खाणारे चौघं. बजेट ६०० रुपये, फार तर ६५०. घरी ओव्हन नाही. राहायला इंदिरानगर, स्कूटीवर जाऊन आणता आलं पाहिजे. रविवारच हवा, कारण पुढे श्रावण लागतोय आणि काकू कडक पाळतात. जिथे बघावं तिथे तंदुरी, नाहीतर अल-फहाम (ते अरबी पद्धतीचं, कोळशावर भाजलेलं). स्वतः खाल्लेलं कोणाला ठाऊक असेल तर सांगा.

सातपूरकर
तंदुरीच घ्या आणि तिखट कमी टाकायला सांगा. वेगळं काय असतं त्यात? आम्ही द्वारका चौकाजवळून आणतो. फुल तंदुरी, बटर नान, कांदा-लिंबू फुकट. पाहुणे बोटं चाटत जातात.

भट्टीराम
@सातपूरकर, बरंच वेगळं असतं. तंदुरीची कोंबडी सोललेली असते, चिरा पाडून दह्यात मुरवतात आणि तंदूर ३५०-४०० अंशांवर पेटलेला असतो, म्हणून पटकन होते. रोस्टला कातडी पाहिजेच. तिच्याखालची चरबी सावकाश वितळते म्हणून आतलं मांस सुकत नाही. १८०-२०० अंशांवर तासभर तरी लागतो. कवळी असलेल्या माणसाला तंदुरीचा छातीचा पीस देणं म्हणजे सूड उगवणं आहे.

सातपूरकर
खाताना अंश कोण मोजतं साहेब. माझे वडील ८१ चे आहेत, तंदुरी खातात.

लष्करी_बाणा
देवळाली कॅम्प. विषय संपला.
मी तोफखान्यातून निवृत्त, लॅम रोडला घर आहे. आमच्या मेसमध्ये रोस्ट चिकन व्हायचं ते ग्रेव्ही, उकडलेले बटाटे आणि वाटाण्यांसकट. ती विद्या नाशकात उरली असेल तर कॅम्पातच. जुन्या खानसाम्यांपैकी एकजण अजून घरून ऑर्डर घेतो. दोन दिवस आधी सांगावं लागतं. अख्खी कोंबडी ग्रेव्हीसकट ११०० रुपये.

दुपारचा_चहा
काका, बजेट ६०० आहे हो.

लष्करी_बाणा
चांगल्या वस्तूला पैसे पडतात, ताई. बिटकोवरून येऊ नका, रविवारी संध्याकाळी तिथे अडकाल.

गोदाकाठ
इंदिरानगरहून कॅम्पला बिटकोवरून कोण जातं? पाथर्डी फाटा, वडनेर, कॅम्प. सरळ रस्ता.

जेलरोड_७
वडनेरच्या रस्त्याने अंधार पडल्यावर, तेही गरम चिकन हँडलला लटकवून? बिबट्या घरापर्यंत सोडायला येईल.

गोदाकाठ
चेष्टा नको राव. तिकडची माणसं खरंच घाबरून आहेत, पोरांना संध्याकाळी अंगणात सोडत नाहीत.

मऊभात
चातुर्मास आषाढी एकादशीलाच लागला. श्रावणापर्यंत सूट कोणी दिली? पाहुण्यांना नाशिकची मिसळ खाऊ घाला, सहाशे रुपयांत चौघांची होऊन वर जिलबी येईल.

सातपूरकर
७६ वर्षांच्या तिखट न चालणाऱ्या माणसाला मिसळ. वा.

मऊभात
रस्सा बाजूला मागायचा असतो.

सुगरण_पंचवटी
मी मागच्या दिवाळीत एअर फ्रायर घेतला, तेव्हापासून बाहेरचं चिकन घरात आलेलं नाही. साडेपाच लिटरचा आहे, किलोच्या आतली अख्खी कोंबडी मावते. आधी छाती खाली, मग उलटायची. तेल एक चमचा! जावेने माझं बघून तसाच घेतला, पण छोटा घेतला, आता त्यात पापड भाजते. तुम्ही सरळ घेऊनच टाका, सेलमध्ये ६-७ हजारांत येतो.

दुपारचा_चहा
सुगरणताई, सहाशे रुपये म्हणाले होते मी. सहा हजार नाही.

नुसता_वाचक
रविवारी बाहेरून आणूच नका असं माझं मत. गेल्या वर्षी गटारीच्या आदल्या रात्री एका ठिकाणाहून (नाव घेत नाही) ग्रिल चिकन आणलं. वरून रंग झकास. मांडी ओढली तर सांध्यापाशी लालभडक, मांस हाडाला रबरासारखं चिकटलेलं. परत घेऊन गेलो तर म्हणे, "साहेब, हाडाचा रंग आहे तो." बायकोने रात्री अकराला कुकरला लावलं. चार शिट्ट्या. मग काय, रस्साच झाला त्याचा.

भट्टीराम
त्याचं निम्मं बोलणं खरं आहे. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांचा, हाडं कोवळी. त्यामुळे पूर्ण शिजल्यावरही हाडालगत लालसर दिसू शकतं. नुसत्या रंगावर जाऊ नका. पण चिकटलेलं मांस म्हणजे कच्चं, तिथे तुमचंच बरोबर. मांडीच्या जाड भागात, हाडाला न लागता, ७४ अंश भरले पाहिजेत. थर्मामीटर नसेल तर सुरीचं टोक खुपसा, रस स्वच्छ यायला हवा आणि तंगडी धरून हलवली की सांधा सहज सुटायला हवा.
गर्दीच्या दिवशी खरी भीती वेगळीच. दुपारी अर्धवट भाजून ठेवतात आणि गिऱ्हाईक आलं की वरून रंग चढवून देतात. म्हणून आधी विचारायचं की ताजा घाणा मशीनवरून कधी उतरतो, आणि त्याच वेळेला जायचं. काउंटरवर निवांत पडलेली कोंबडी घेऊ नका.

सिडको_चिकनवाला
माझं दुकान आहे, जाहिरात करत नाही, दोन गोष्टी सांगतो. बहुतेक दुकानांत कोंबडी पिसांसकट सोलतात, कातडी पिसांबरोबरच जाते. पटकन होतं आणि गिऱ्हाइकालाही तेच पाहिजे असतं. कातडी ठेवायची तर गरम पाण्यात बुडवून, ड्रमच्या मशीनमध्ये फिरवून पिसं काढावी लागतात, मग बारीक केसांना जाळ दाखवायचा. आषाढातल्या शेवटच्या रविवारी सकाळी दहाला कोणी येऊन "स्किनसकट अख्खी द्या" म्हणालं तर आम्ही बहिरे होतो. शनिवारी सांगून ठेवा.
दुसरं वजन. जिवंत १८०० ग्रॅमची कोंबडी साफ होऊन कातडीसकट साडेबाराशेच्या आसपास उतरते, भाजल्यावर किलोच्या खाली येते, आणि त्यातही हाडं आलीच. चौघांना तेवढी पुरे. हॉटेलातली "फुल" बऱ्याचदा ८००-९०० ग्रॅम कच्च्या वजनाची असते, तिथे पोट भरायला नानच लागतात.
बाकी श्रावण लागला की भाव पडतो, पण तुमच्या काकूंना त्याचा उपयोग नाही.

शरणपूरकर
एवढा धागा झाला आणि बेकरीचं कोणीच बोललं नाही? आमचं शरणपूर १८५० च्या दशकात वसलेलं, नाताळला रोस्ट आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या आहे, आणि ओव्हन घरोघरी काल-परवा आले. आमची आजी कोंबडी लाकडाच्या भट्टीवाल्या बेकरीत द्यायची. पाव निघाले की भट्टीत उतरती आच राहते, त्यात ट्रे सरकवायचा. जुन्या नाशकात अजून अशा भट्ट्या आहेत. ओळख काढून विचारा, शंभरेक रुपयांत भाजून देतात.
रात्रीच मीठ-मिरी-लसूण-लिंबू चोळून ठेवा, कातडीखाली बोट घालून थोडं लोणी सारा. ट्रे स्वतःचा न्या, त्यांच्या ट्रेला नानकटाईचा वास असतो. पहिला अर्धा वेळ वर फॉइल, मग काढायची. कोंबडीचे २५०-३०० आणि भट्टीचे शंभर, तुमच्या बजेटमध्ये बसून उरतात.

भट्टीराम
आतापर्यंतचा सगळ्यात कामाचा प्रतिसाद. हेच करा.

सुगरण_पंचवटी
बेकरीत मांसाहार? आणि मग त्याच भट्टीत आपले पाव? मला नाही पटत.

शरणपूरकर
अंड्याचे केक तिथेच भाजतात, ते पटतं का?

मऊभात
सुगरणताईंशी सहमत.

जेलरोड_७
द्वारकाजवळ तंदुरी चांगली मिळते असं ऐकून आहे.

सातपूरकर
मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलंय ते.

गोदाकाठ
आणायचं काहीही, पण फॉइलच्या डब्यात बंद करून आणलंत तर घरी येईपर्यंत वाफेने कातडी लिबलिबीत होते. झाकण अर्धवट उघडं ठेवायला सांगा. गरम करायला जाड कढई, मंद आच, दोन चमचे पाणी, झाकण. पाणी आटलं की झाकण काढून कातडीची बाजू खाली करायची. मायक्रोवेव्हला लावलंत तर छाती खडूसारखी होते. आणि आणल्यापासून दोन तासांत खायचं, किंवा फ्रिजमध्ये टाकायचं. काका-काकू उशिरा पोचले म्हणून ओट्यावर झाकून ठेवायचं नाही.

लष्करी_बाणा
ताई, खानसाम्याला फोन करून ठेवू का? ९५० पर्यंत आणतो त्याला.

दुपारचा_चहा (सोमवार)
सगळ्यांचे आभार. झालं ते सांगते.
शनिवारी पाथर्डी फाट्याला भाजीसाठी थांबले तर एक ग्रिलवाला दिसला. काचेचं मशीन, आत सळ्यांवर कोंबड्या फिरत होत्या, सगळ्या लालेलाल पण कातडी असलेल्या. त्याला म्हटलं, मसाला न लावता देशील का? तो म्हणाला, सकाळी मीठ-मिरी-लसूण ठेचून आणून द्या, लावतो, आणि तुमची सगळ्यात वरच्या सळीला घालतो. खाली लावली तर वरच्यांचा लाल मसाला तुमच्यावर गळेल. त्याने हे न विचारता सांगितलं, म्हणून तिथेच ठरवलं. ४८० रुपये. भट्टीरामांचं ऐकून घाणा उतरायची वेळ विचारली, साडेसात म्हणाला, पावणेआठला उतरला. सांधा हलवून बघितला, सुटला. झाकण उघडं ठेवून आणलं, शेवटच्या चौकात पाऊस आला म्हणून लावलं.
काका म्हणाले वांद्र्याची सर नाही. दोन्ही तंगड्या मात्र त्यांनीच घेतल्या. छाती जराशी कोरडी होती. काकूंनी कातडी काढून ताटाच्या कडेला ठेवली, तीही काकांनी उचलली.

शरणपूरकर
म्हणजे बेकरीत विचारलंच नाहीत.

दुपारचा_चहा
नाही हो. इंदिरानगरहून जुन्या नाशकात ट्रे सांभाळत जायचं, परत आणायला जायचं, आणि रविवारची गर्दी. यांनी हात वर केले.

लष्करी_बाणा
ग्रेव्ही होती का?

दुपारचा_चहा
नव्हती. मटकीची उसळ होती.

लष्करी_बाणा
मग त्याला रोस्ट म्हणू नका.

सिडको_चिकनवाला
४८० ला कातडीसकट म्हणजे त्याने बाराशेच्या आतली लावली असणार. चालतंय. छाती कोरडी होते ती मशीनमध्ये सगळीकडे सारखी आच लागते म्हणून, मांडी शिजेपर्यंत छातीचं पाणी आटतं. पुढच्या वेळी आदल्या रात्री मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवलेलीच न्या, लिटरला तीन-चार चमचे मीठ.

सुगरण_पंचवटी
एअर फ्रायरमध्ये नाही होत कोरडी.

नुसता_वाचक
पाथर्डी फाट्याला नेमकं कुठे? सर्कलच्या अलीकडे की पलीकडे? आणि आता श्रावणात तो चालू असतो की महिनाभर बंद?

वाट_चुकलेला
अख्खा धागा वाचला नाही, पण द्वारकाजवळ तंदुरी मस्त मिळते. करून बघा.