व्हिडिओ कॉलवर पेशंटची ताकद मोजणं : सोय की धोका?

जांबोटी_रोड
बाबा 71 वर्षांचे. न्यूमोनियानं 19 दिवस आयसीयूत होते, त्यातले 8 दिवस व्हेंटिलेटरवर. घरी येऊन दीड महिना झाला. गाव जांबोटीच्या पुढं. दवाखान्यानं सांगितलंय की दर पंधरा दिवसांनी बेळगावला येऊ नका, व्हिडिओवरच टेस्ट करू. खुर्चीत बसायचं, दोन्ही हात छातीवर आडवे धरायचे आणि 30 सेकंदात किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता ते मोजायचं. पहिल्यांदा 5 झाले, गेल्या आठवड्यात 8. मला तर हे लई बरं वाटतं. बेळगावला न्यायचं म्हणजे भाड्याची गाडी, वळणावळणाच्या रस्त्यात बाबांना उलटी, वर ओपीडीच्या बाकावर तीन तास, मग घरी येऊन दोन दिवस अंथरूण. तपासायला नेऊनच माणूस खचतो की ओ!

फिजिओ_शहापूर
दादा, त्रास समजतो पण मला पटत नाही. आयसीयूत पडून पडून मांड्यांचे स्नायू झिजतात, त्यामुळं उठबस मोजणं चांगलंच, पण सहा मिनिटं चालायची जी टेस्ट असते तिला 30 मीटरची सरळ जागा लागते, ती कुणाच्या पडवीत आहे? ऑक्सिजन बसल्यावर 96 दिसतो आणि चालताना खाली येतो, ते त्यात कळतं. बोटाला मेंदी, नेलपॉलिश असली, हात गार पडले असले तरी ऑक्सिमीटर चुकीचा आकडा दाखवू शकतो. आणि मी पेशंटला उभं करते तेव्हा माझा एक हात त्याच्या पाठीमागं असतो. मोबाईलमधनं कोण धरणार?

निपाणीकर
मी फिजिओताईंच्या बाजूनं, पण कारण वेगळं. आईचं बायपास झालं, तिलाही अशीच टेस्ट सांगितली. पलीकडची मुलगी कन्नडमध्ये बोलली, मग इंग्लिशमध्ये, आईला दोन्ही येत नाही. त्या मुलीनं मला सांगितलं, जितकं जमेल तितकं भरभर करायला लावा. आणि मी आईला काय म्हटलं? "सावकाश कर गं, पडशील." छातीवर टाके बघितल्यावर तोंडातनं दुसरं काही निघालंच नाही. आकडा कमी आला, व्यायामाचा सगळा प्लॅन त्या आकड्यावर ठरला. चूक माझी होती, पण मराठीत आईशी कुणी थेट बोललं असतं तर ती झालीच नसती. सीमाभागात हे रोजचंच आहे, आणि दवाखान्यांनी याचा विचार केलाच पाहिजे.

कणकुंबी_पाऊस
आमच्याकडं जुलैत व्हिडिओ सोडा, साधा कॉल लागत नाही. तरी मी घरच्या टेस्टच्याच बाजूनं. 30 सेकंद मोजायला घड्याळ पुरतं, रेंज आली की आकडा कळवायचा. पावसात बेळगाव गाठायचं म्हणून तीन महिने काहीच तपासलं नाही, त्यापेक्षा हे शंभर पटीनं बरं.

फिजिओ_शहापूर
@कणकुंबी_पाऊस बिलकुल एकट्यानं करायला लावू नका. घरातलं धडधाकट माणूस शेजारी उभं पाहिजे, खुर्ची भिंतीला टेकवलेली पाहिजे, घेरी, छातीत दुखणं, दम लागणं असलं काही झालं की तिथंच थांबायचं. एवढं पाळणार असाल तर मधल्या वेळेला घरी करा, माझी हरकत नाही. पण पहिली टेस्ट समोरासमोरच व्हायला पाहिजे, यावर मी ठाम आहे.

@जांबोटी_रोड दादा, 71 वर्षांच्या पुरुषाचा आकडा 12 च्या खाली असला तर कमी समजतात, म्हणजे 8 अजून कमीच आहे. आणि एक विचारते. दोन्ही वेळा खुर्ची तीच होती का? बैठक साधारण 43 सेंटिमीटर उंच लागते. हातानं रेटून उठले असतील तर तो आकडा धरत नाहीत, शून्य लिहितात.

जांबोटी_रोड
ताई, आत्ता टेप लावून बघितलं. पहिल्यांदा अंगणातली प्लास्टिकची खुर्ची होती, 40 भरली. दुसऱ्या वेळेला देवघरापुढची लाकडी, ती 46. उंच खुर्चीवरनं उठणं सोपंच पडणार, म्हणजे 5 चे 8 झाले त्यातलं बाबांचं किती आणि खुर्चीचं किती, कुणास ठाऊक. कॉलवर कुणी विचारलंच नाही हो. आईला सांगितलं तर म्हणाली, त्यांना काही सांगू नको, 8 झाले म्हणून कालपासनं स्वतः उठून विहिरीपर्यंत जायलेत.

मी अजूनही घरच्या टेस्टच्याच बाजूनं आहे. पण रविवारी प्लास्टिकचीच खुर्ची भिंतीला लावून, मी शेजारी उभा राहून परत घेतो. आकडा येईल तो इथंच टाकतो.