इंका ट्रेल: बाबांचे गुडघे आणि उंची, सल्ला हवा आहे

नमस्कार मंडळी, बाबांना घेऊन पेरूमधला, माचू पिचू या प्राचीन इंका नगरीपर्यंत जाणारा चार दिवसांचा इंका ट्रेल करायचा आहे. माचू पिचूच्या पायथ्यापर्यंत ट्रेनही जाते, पण ते अवशेष पहिल्यांदा बघायचे तर चालत जाऊन, ट्रेलच्या शेवटी लागणाऱ्या सूर्यद्वारातूनच, हा बाबांचा जुना हट्ट आहे आणि मला तो पुरवायचाच आहे.

साधारण ४३ किमी अंतराची भीती नाही. काळजी आहे ती दुसऱ्या दिवसाची. वार्मीवान्युस्का खिंड ४,२०० मीटरच्या वर, आणि ती ओलांडली की लगेच दगडी पायऱ्यांचा लांबलचक उतार. बाबांचा दम उत्तम आहे, गुडघे मात्र उतरतानाच दुखतात. तिसऱ्या दिवशीही विन्याय वायनाच्या मुक्कामापर्यंत पायऱ्याच पायऱ्या! नी कॅप आणि दोन काठ्यांवर हे निभतं का? पाठीवरचं ओझं पोर्टरकडे दिलं तर गुडघ्यांना खरंच आराम पडतो का?

दुसरं, विरळ हवेची सवय कुस्कोत (३,४०० मीटर) करावी, की आधी त्याहून खाली असलेल्या ओयांतायतांबोला राहावं? डायमॉक्स या उंचीच्या त्रासावरच्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारणारच आहे.

परमिट मर्यादित असतात, कोरड्या हंगामातले तर कितीतरी आधी संपतात. त्यामुळे लवकर ठरवायचं आहे. वडीलधाऱ्यांसोबत गेलेल्यांनी जरूर लिहा.