विषय : ब-३०२ मधून रोज रात्री ऐकू येणारी गाणी

ब-२०२ (रात्री १०.४२)
सर्वांना नमस्कार. हा संदेश खाजगीत पाठवावा की ग्रुपवर, याचा दोन दिवस विचार केला आणि शेवटी येथेच लिहीत आहे, कारण ब-३०२ चे काका फोन उचलत नाहीत. गेले तीन आठवडे त्यांच्याकडे साडेनऊपासून तलत महमूद, मुकेश आणि गीता दत्त यांची रडवी गाणी सुरू होतात, ती अकरापर्यंत चालतात, आणि एकेक गाणे चार-चार वेळा लागते. माझ्या मुलीची बारावीची परीक्षा तोंडावर आली आहे, त्यामुळे आवाजाचा त्रास आहेच. पण त्याहून जास्त काळजी वाटते ती काकांची. काकू लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेल्यापासून ते एकटे आहेत. एकटा माणूस रोज रात्री असली गाणी पुन्हा पुन्हा ऐकत असेल, तर त्याच्या मनाचे काय चालले असेल? कृपया कोणीतरी वर जाऊन बघावे.

अ-१०१ (रात्री १०.४६)
माहितीसाठी : ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६.

अ-४०१ (रात्री १०.५१)
साहेब, नियम कळवल्याबद्दल आभारी आहे. दिवाळीनंतर आपल्याकडे फरशी फोडण्याचे काम दोन महिने चालू होते, तेव्हा मात्र हा नियम ग्रुपवर आला नव्हता, एवढेच नम्रपणे नमूद करतो.

अ-१०१ (रात्री १०.५३)
ते काम समितीच्या लेखी परवानगीने आणि दिवसा झाले. मुद्दा रात्री १० ते सकाळी ६, ४५ डेसिबल हा आहे.

अ-५०३ (रात्री ११.०५)
वहिनी, रडवी गाणी ऐकणारा माणूस दुःखीच असतो असे असते, तर माझ्यासारख्याला कॉलेजात असतानाच कुठेतरी दाखल करावे लागले असते. मुकेशचे ‘आँसू भरी हैं ये जीवन की राहें’ मी गेली चाळीस वर्षे ऐकतो आहे, आणि ते ऐकल्यावर मला नेहमी शांत झोप लागते. काकांशी माझा मतभेद एकाच बाबतीत आहे : ते तलतला मुकेशच्या वर मानतात. त्याविषयी गच्चीवर अनेकदा बोलणे झाले आहे आणि पुढेही होईल.

ब-१०३ (रात्री ११.१२)
विषय निघालाच आहे तर विचारतो, मराठीत एवढी सुंदर भावगीते असताना आपल्या इमारतीत रोज हिंदीच रडगाणी का ऐकावी लागतात? आपण ठाण्यात, पाचपाखाडीत राहतो, याचा विसर पडू नये.

अ-५०३ (रात्री ११.२०)
ज्या गाण्याचे नाव मी वर घेतले ते १९५८ च्या ‘परवरिश’मधले आहे, आणि त्याचे संगीतकार दत्ताराम वाडकर आपलेच. शंकर-जयकिशन यांच्याकडे ताल सांभाळणारा हा माणूस. त्यांच्या ठेक्याला वादक मंडळी आजही ‘दत्ताराम ठेका’ म्हणतात. ‘हमारी याद आएगी’मधले मुबारक बेगमचे ‘कभी तनहाइयों में यूँ’ स्नेहल भाटकरांचे आहे. ‘अनारकली’चे सी. रामचंद्र म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. ही गाणी परकी मानायची असतील, तर चाली बांधणाऱ्यांनाही परके म्हणावे लागेल. ते मला जमणार नाही.

अ-३०१ (सकाळी ६.५०)
सर्वांना सुप्रभात. डॉक्टर म्हणून दोन शब्द लिहितो. एखादी व्यक्ती कोणती गाणी ऐकते, यावरून तिच्या मनाच्या आजाराचे निदान होत नाही. झोप उडणे, भूक जाणे, बोलणे-चालणे थांबणे, आवडीच्या गोष्टींतला रस संपणे, या गोष्टींकडे लक्ष द्यावे. काका आज पावणेसहाला माझ्याबरोबर तलावपाळीला दोन फेऱ्या मारून आले आणि वाटेत त्यांनी इडलीही खाल्ली. चिंतेचे कारण मला दिसले नाही. वहिनींची काळजी प्रामाणिक आहे, याविषयीही माझ्या मनात शंका नाही.

ब-३०२ (सकाळी ७.२०)
सर्वांस नमस्कार. काल रात्री गाणी चालू असताना फोनची रिंग मला ऐकू आली नाही, त्याबद्दल दिलगीर आहे. वहिनी, आपली काळजी मी मनापासून मानतो. परंतु ती साठ-सत्तर लोकांसमोर मांडण्याआधी आपण एक मजला चढून वर आला असतात, तर मला अधिक बरे वाटले असते.

माझ्या मनाविषयी चर्चा झालीच आहे, तर एकदाच सविस्तर लिहितो. माझे बालपण नौपाड्यातल्या चाळीत गेले. वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात दुसऱ्या पाळीला जात आणि मध्यरात्रीच्या सुमारास घरी येत. त्यांची वाट बघत आई विविध भारती लावून बसे. दहाला छायागीत असे आणि त्यानंतर बेला के फूल. शेजारी झोपलेले असत, म्हणून ती रेडिओ इतका हळू लावी की तिला आपला कान त्याच्या जाळीजवळ न्यावा लागे. ती तेव्हा रडत नसे. दुसऱ्या दिवसाची भाजी निवडत असे, आणि एखाद्या ओळीला तिचा हात थांबे, मग पुन्हा चालू होई. अंथरुणात पडल्या पडल्या मी तो थांबलेला हात पाहिलेला आहे. दुःखाचे गाणे ऐकणे म्हणजे दुःखात बुडणे नव्हे, हे मला तेव्हापासून ठाऊक आहे. दिवसभर ज्याला शब्द सापडत नाहीत, ते कोणीतरी सुरात नीट मांडून ठेवले आहे, या जाणिवेने माणसाला आधार वाटतो.

आता एकच गाणे चार वेळा का, ते सांगतो. ते गाणे १९५९ च्या ‘सुजाता’मधले आहे, ‘जलते हैं जिसके लिए’. संगीत सचिनदेव बर्मन यांचे, शब्द मजरूह यांचे. चित्रपटात नायक ते टेलिफोनवर गातो आणि दुसऱ्या टोकाला नूतन रिसीव्हर धरून नुसती ऐकते. तिला एक शब्दही बोलायचा नाही, तरी प्रत्येक ओळ तिच्या चेहऱ्यावर उमटते. गाणाऱ्याइतकेच महत्त्व ऐकणाऱ्याला देणारी गाणी आपल्याकडे फार थोडी आहेत. त्यात तलतचा आवाज. त्या आवाजात जो बारीक कंप आहे, तो सुरुवातीला काहींना दोष वाटत असे. संगीतकार अनिल विश्वास यांनी मात्र तोच जपायला सांगितला. तो कंप काढून टाकला, तर उरेल तो एक गोड आवाज, आणि गोड आवाज पुष्कळांकडे असतात.

ब-४०४ (सकाळी ७.४८)
काका, मी भाडेकरू आहे, त्यामुळे या विषयात बोलावे की नाही हे माहीत नाही. पण तुमचा संदेश मी दोनदा वाचला. माझ्या वयाची मुलेही रात्री दुःखी गाणीच ऐकतात, फक्त ती मुद्दाम संथ करून ऐकतात.

ब-१०३ (सकाळी ७.५५)
सोसायटीच्या विषयांवर सभासदांनीच मत द्यावे, असे मागील सर्वसाधारण सभेत ठरले होते.

सचिव (सकाळी ८.०२)
तसे काही ठरलेले नव्हते. मतदानाचा हक्क सभासदांना आहे, एवढीच नोंद इतिवृत्तात आहे. ब-४०४ यांनी निःसंकोच लिहावे.

ब-३०२ (सकाळी ८.१०)
बेटा, तू जरूर लिही. गाणे संथ करण्याची कल्पना नवी नाही. मदनमोहन यांनी ‘मौसम’मध्ये ‘दिल ढूँढता है’ हे एकच गीत दोन रूपांत दिले. लता आणि भूपिंदर यांच्या युगुलगीतात सहलीचा आनंद आहे. भूपिंदर यांच्या एकट्याच्या संथ गाण्यात तेच शब्द मागे वळून पाहतात. हा चित्रपट १९७५ च्या अखेरीस पडद्यावर आला, आणि मदनमोहन त्याच वर्षी जुलैत गेले होते. ‘अनारकली’तही ‘ये ज़िंदगी उसी की है’ दोनदा येते आणि दुसऱ्यांदा ऐकताना अंगावर काटा येतो. मात्र तिथे संगीतकाराने विचार करून लय उतरवलेली असते. यंत्राने ओढून लांबवलेल्या आवाजात गायकाचा श्वासही खोटा होतो, म्हणून मूळ गाणे आधी ऐकावे, अशी माझी तुला विनंती आहे.

ब-२०२ (सकाळी ८.३५)
काका, आपण एवढे मोकळेपणाने लिहिलेत, त्यामुळे मलाही स्पष्ट लिहावेसे वाटते. फोन न उचलल्यावर मी वर यायला हवे होते, हे मला मान्य आहे. परंतु आपल्याच संदेशातले एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. आपल्या मातोश्री शेजारी झोपलेले असत म्हणून रेडिओला कान लावून ऐकत. मग आम्ही खाली झोपलेले असताना आपण तेवढ्या हळू का ऐकू शकत नाही? माझी मुलगी रसायनशास्त्राचे पुस्तक उघडून बसते आणि अर्ध्या तासाने मुबारक बेगमचे गाणे गुणगुणताना सापडते. परीक्षेच्या दिवसांत मी काय करावे, हे कोणी मला सांगेल का?

अ-१०१ (सकाळी ८.३८)
यासाठीच नियम आहे. रात्री १० ते सकाळी ६, ४५ डेसिबल.

अ-४०१ (सकाळी ८.४०)
आम्हाला तो आता पाठ झाला आहे.

ब-१०३ (सकाळी ८.४४)
हेडफोन घ्यावेत. हजार रुपयांत चांगले मिळतात. विषय संपतो.

ब-३०२ (दुपारी १.१५)
वहिनी, आपल्या प्रश्नाला उत्तर द्यायला मला सकाळपासून वेळ लागला, कारण हे मी घरीही सांगितलेले नाही. मला तेवढ्या हळू ऐकू येत नाही. वर्षभरापासून उजव्या कानाने कमी ऐकू येते. हेडफोन मी घेतले होते. ते लावले की गाणे सगळे डाव्या बाजूला कलते आणि चक्कर आल्यासारखे होते. बोलणे ऐकू येते, दाराची घंटा ऐकू येते, गाण्याची चालही ऐकू येते. परंतु तलतच्या आवाजातला तो कंप मला पूर्वीसारखा सापडत नाही. ओळीच्या शेवटी तो कुठे असतो, ते मला पक्के माहीत आहे. तिथे मी थांबून बसतो, आणि तो आला नाही की गाणे पुन्हा लावतो आणि आवाज थोडा वाढवतो. चार वेळा गाणे लागते ते त्यामुळे. ही मंडळी माझ्याबरोबर पन्नासहून अधिक वर्षे आहेत. त्यांचा आवाज पुसट होत जाताना नुसते बघत बसणे मला शक्य झाले नाही, आणि त्यापायी एका मुलीच्या अभ्यासाचे नुकसान होते आहे, याचे भान मला राहिले नाही. मी तिची आणि आपली क्षमा मागतो.

अ-३०१ (दुपारी १.३२)
काका, हे आपण रोज सकाळी माझ्याबरोबर चालताना सांगायला हवे होते. आज संध्याकाळी सहाला दवाखान्यात या. कान तपासून श्रवणचाचणीसाठी चिठ्ठी देतो. कधी साधा मळ असतो, कधी यंत्र लागते. एकाच कानाला कमी ऐकू येत असेल, तर त्याचे कारण शोधलेच पाहिजे. हे वय झाल्याचे म्हणून सोडून देऊ नका.

अ-५०३ (दुपारी १.४०)
संध्याकाळी मी रिक्षा घेऊन खाली उभा राहतो. तलत की मुकेश, हा वाद चाचणीचा निकाल येईपर्यंत मी थांबवला आहे.

अ-२०४ (दुपारी २.०५)
तांत्रिक बाब सांगतो. काकांचे लाकडी स्पीकर जमिनीवर ठेवलेले मी पाहिले आहेत. त्यातले खर्जाचे सूर थेट स्लॅबमधून खाली उतरतात आणि बाकीचा आवाज स्वयंपाकघराच्या डक्टमधून जातो. स्पीकर टेबलावर घ्यावेत, खाली जाड रबरी पट्टी घालावी, ते काकांच्या खुर्चीच्या डाव्या हाताला जवळ आणावेत आणि डक्टकडची खिडकी लावावी. आवाज न वाढवता त्यांना जास्त ऐकू येईल. माझ्याकडे वॉशिंग मशीनखालच्या पट्टीचा तुकडा उरला आहे, तो आज आणून देतो.

सचिव (दुपारी २.३०)
सर्वांच्या संमतीने असे ठरवत आहोत : बारावीची परीक्षा संपेपर्यंत ब-३०२ मध्ये गाणी रात्री नऊ ते दहा या वेळेत लागतील. यापुढे कोणाच्या प्रकृतीविषयी शंका आल्यास आधी प्रत्यक्ष दार वाजवावे, ही विनंती.

अ-१०१ (दुपारी २.३४)
सहमत. दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, तीही लक्षात असावी.

ब-३०२ (दुपारी २.५०)
मान्य आहे. सर्वांचा आभारी आहे.

(दुसऱ्या दिवशी)

ब-२०२ (रात्री १०.०९)
काका, आवाज खरोखर कमी झाला आहे, त्याबद्दल मनापासून आभार. पण एक तक्रार आहे. घड्याळात दहा वाजले आणि आपण ‘काग़ज़ के फूल’मधले ‘वक़्त ने किया’ मधेच बंद केलेत. शेवटचा अंतरा राहिला. मुलीने पुस्तक मिटले आणि वर छताकडे बघत बसली आहे, आणि खरे सांगायचे तर मीही ओटा पुसायची थांबले आहे. असे गाणे अर्ध्यावर तोडू नये.

अ-१०१ (रात्री १०.१२)
नियमात सुरू असलेले गाणे पूर्ण करण्याची सवलत नाही.

ब-३०२ (रात्री १०.२०)
वहिनी, चूक माझी आहे. घड्याळाकडे बघत होतो आणि गीता दत्तला मधेच थांबवले. उद्यापासून शेवटचे गाणे मी पावणेदहानंतर लगेच लावीन. ती सगळी मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्यांच्या काळातली गाणी आहेत, तबकडीच्या एका बाजूला साडेतीन मिनिटांच्या आसपासच जागा असे, तेव्हा ते दहाच्या आत आरामात पूर्ण होईल. श्रवणचाचणी शुक्रवारी आहे. उद्या नऊ वाजता पहिले गाणे हेच लावतो, राहिलेल्या अंतऱ्यासाठी.