विषय: नवं संकेतस्थळ – शिकायला सुरुवात कुठून करायची?

प्रेषक: सचिव, कार्यकारिणी

नमस्कार मंडळी,

मंडळाच्या नव्या संकेतस्थळासाठी कार्यकारिणीने वर्डप्रेस ही संकेतस्थळ चालवायची प्रणाली नक्की केली आहे. सध्याचं संकेतस्थळ ड्रुपल 7 या तशाच दुसऱ्या प्रणालीवर आहे आणि त्या आवृत्तीचा अधिकृत सपोर्ट 5 जानेवारी 2025 रोजी संपला. त्यामुळे आता लांबणीवर टाकण्यात अर्थ नाही. मजकूर भरायला स्वयंसेवक तयार आहेत, पण बहुतेकांनी वर्डप्रेस आतून कधी पाहिलेलं नाही. आधी एखादी छानशी थीम, म्हणजे संकेतस्थळाचं तयार रूप, निवडून टाकू का? म्हणजे सगळ्यांना काहीतरी डोळ्यांसमोर दिसेल आणि हुरूप येईल.

कळावे,
सचिव

---

प्रेषक: संकेतस्थळ समिती

सचिवताई, नमस्कार.

थीम सगळ्यात शेवटी निवडूया, अशी कळकळीची विनंती. थीम आधी आली की पहिले काही आठवडे रंग, बॅनर आणि फॉन्ट यांवर चर्चा करण्यात जातात, आणि त्या थीममध्ये जेवढ्या चौकटी असतील तेवढाच मजकूर लिहायची सवय लागते.

वर्डप्रेस काय, ड्रुपल काय, अशा प्रणालींचा गाभा एकच आहे: मजकूर एका जागी साठवायचा आणि तो दिसतो कसा हे दुसऱ्या जागी ठरवायचं. लेख डेटाबेसमध्ये असतो, रूप थीम देते. उद्या थीम बदलली तरी लेख जिथल्या तिथे राहतो. स्वयंसेवकांना पहिल्या बैठकीत एवढंच दाखवावं: एकच लेख दोन वेगवेगळ्या थीममध्ये. हे एकदा डोक्यात बसलं की बटणं कुठे आहेत ते ज्याचं त्याला सापडतं. हे बसलं नाही, तर माणूस प्रत्येक पान वेगळं रंगवत बसतो आणि वर्षभरात संकेतस्थळाचा चेहरामोहरा दहा तऱ्हेचा होतो.

म्हणून शिकण्याची सुरुवात कागदावर करूया. आपल्याकडे मजकुराचे प्रकार किती? कार्यक्रम, वार्षिक अंकातले लेख, कार्यकारिणीची माहिती, सूचना, फोटो. प्रत्येक प्रकारात कोणती माहिती यायलाच हवी? कार्यक्रमाला तारीख, वेळ, सभागृहाचा पत्ता, नोंदणीचा दुवा. ही माहिती परिच्छेदात कुठेतरी न लिहिता स्वतंत्र रकान्यांत भरली, तर 'आगामी कार्यक्रम' ही यादी तारखेवरून आपोआप तयार होते आणि होऊन गेलेला कार्यक्रम आपोआप मागे जातो. सध्या ते काम कोणीतरी हाताने करतं, आणि ती व्यक्ती सुट्टीवर गेली की मुखपृष्ठावर जुनाच कार्यक्रम झळकत राहतो.

ज्यांनी जुनं संकेतस्थळ सांभाळलं आहे त्यांच्यासाठी: ड्रुपलमध्ये 'कंटेंट टाइप' बनवून त्याला रकाने जोडायची सोय मुळातच होती. वर्डप्रेसमध्ये सुरुवातीला फक्त 'पोस्ट' आणि 'पेज' मिळतात. पोस्ट म्हणजे तारखेच्या क्रमाने येणारा मजकूर, पेज म्हणजे 'आमच्याविषयी'सारखा कायमचा. 'कार्यक्रम' हा वेगळा प्रकार हवा असेल तर प्लगइन (वर्डप्रेसला जोडायची तयार पुरवणी) घ्यावं लागतं किंवा थोडा कोड लिहावा लागतो. ड्रुपलमध्ये याद्या बनवणाऱ्या तुमच्या 'व्ह्यूज'च्या जागी इथे 'क्वेरी लूप' नावाचा ब्लॉक आहे. तो तेवढा ताकदवान नाही: कार्यक्रमाच्या तारखेवरून यादी लावायला त्याला प्लगइनची किंवा थोड्या कोडची जोड लागेल.

व्हिडिओ पाहून शिकणाऱ्यांनी आधी व्हिडिओ कधीचा आहे ते बघावं. डिसेंबर 2018 मध्ये आलेल्या 5.0 आवृत्तीपासून लिहिण्याची खिडकी पूर्ण बदलली. आता परिच्छेद, शीर्षक, चित्र असा प्रत्येक भाग हा एक स्वतंत्र ब्लॉक असतो. त्याआधीचे व्हिडिओ पाहिले तर पडद्यावरचं काहीच जुळणार नाही आणि उगाच वाटेल की आपल्यालाच जमत नाही.

दोन गोष्टी सुरुवातीलाच लावून ठेवू. सेटिंग्जमध्ये वेळ निवडताना यूटीसीपासूनचा (जागतिक प्रमाणवेळेपासूनचा) फरक आकड्याने न देता शहराचं नाव निवडायचं. नाहीतर उन्हाळी वेळ सुरू झाली की प्रत्येक वेळ तासाने चुकते आणि भारतातून थेट प्रक्षेपण बघणारे नातेवाईक ताटकळतात. दुसरी गोष्ट 'सिंक्ड पॅटर्न'ची, म्हणजे अनेक पानांवर वापरायच्या सामायिक मजकुराची. कार्यकारिणीचा संपर्क किती पानांवर आहे पाहा. तो एका पॅटर्नमध्ये ठेवला तर नवी कार्यकारिणी आल्यावर एकाच जागी बदलायचा, सगळीकडे बदलतो. मात्र पॅटर्न करताना 'सिंक्ड' निवडलं आहे ना ते पाहायचं, कारण साधा पॅटर्न म्हणजे फक्त प्रत असते.

सरावासाठी वेगळं चाचणी-संकेतस्थळ उघडून देतो. तिथे काहीही बिघडलं तरी चालेल. प्रत्येकाने एक जुना कार्यक्रम निवडून तो रिकाम्या पानापासून प्रकाशित करेपर्यंत सगळं स्वतः करावं, मग मुद्दाम मजकूर खराब करावा आणि 'रिव्हिजन'मधून आधीची प्रत परत आणावी. कचरापेटीतलं पानही नेहमीच्या सेटिंगनुसार 30 दिवस राहतं. स्वयंसेवक मागे हटतात ते 'माझ्या हातून सगळं उडालं तर?' या धास्तीने. ती धास्ती पहिल्याच दिवशी जायला हवी.

सस्नेह,
संकेतस्थळ समिती

---

प्रेषक: वार्षिक अंकाचे माजी संपादक

मंडळी,

मेल वाचली, पटलीही, पण दोन शंका आहेत.

पहिली म्हणजे कार्यक्रमासाठी एवढे रकाने कशाला? आपले कलाकार मेहनतीने पोस्टर करतात, त्यात सगळी माहिती असते. ते चित्र चढवलं की झालं. हल्ली 'पेज बिल्डर' मिळतात, त्यात चित्र ओढून हवं तिथे ठेवता येतं. स्वयंसेवकांना तेच सोपं जाईल असं मला वाटतं.

दुसरी शंका नाही, काळजी आहे. वार्षिक अंकांचे सुरुवातीचे लेख युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची आजची सामायिक अक्षरपद्धत) येण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले आहेत. फॉन्ट नसलेल्या संगणकावर ते नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसतात. लिहिणाऱ्यांपैकी काही जण आज हयात नाहीत. नव्या घरात जाताना हे लेख मागे राहू नयेत, एवढंच माझं मागणं आहे. बाकी तुम्ही ठरवाल ते मान्य.

---

प्रेषक: एक सभासद

काका, पोस्टरबद्दल मी लिहिते, कारण तो प्रश्न थेट माझा आहे.

मला दिसत नाही, मी स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरते. पोस्टर चढवलेल्या पानावर मला ऐकू येतं ते 'ग्राफिक' आणि त्यापुढे फाइलचं नाव, बहुतेकदा नुसते आकडे. कार्यक्रम कोणता, कुठे, किती वाजता, हे मला दर वेळी कोणाला तरी फोन करून विचारावं लागतं. सगळे आपुलकीने सांगतात, प्रश्न तो नाही. मला ते स्वतःचं स्वतः कळायला हवं.

पोस्टर जरूर लावा. पण तीच माहिती त्याखाली साध्या मजकुरात असू द्या. पोस्टरमधला सगळा मजकूर चित्रासोबतच्या 'पर्यायी मजकूर' या रकान्यात कोंबू नका. तिथे एका ओळीत चित्र कशाचं आहे तेवढं पुरे. पत्ता आणि वेळ पानावरच हवी, म्हणजे मला ती कॉपीही करता येते. फोनवर पोस्टर बोटांनी मोठं करून वाचणाऱ्या ज्येष्ठ सभासदांचीही सोय होईल.

स्वयंसेवकांना आणखी दोन गोष्टी शिकवाल का? शीर्षक द्यायचं असेल तर 'हेडिंग' ब्लॉकच वापरावा. अक्षरं नुसती ठळक केली की पाहणाऱ्याला ते शीर्षक वाटतं, पण मी एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उडी मारत पान चाळते आणि ठळक अक्षरांवर माझी उडी थांबत नाही. आणि दुव्याला 'इथे क्लिक करा' असं नाव देऊ नये. मी पानावरच्या दुव्यांची यादी उघडते तेव्हा 'इथे क्लिक करा, इथे क्लिक करा' एवढंच ऐकू येतं. 'नाट्यप्रयोगाची नोंदणी' म्हटलं की काम झालं.

संकेतस्थळाची भाषा सेटिंग्जमध्ये 'मराठी' ठेवा. त्यावरून माझं सॉफ्टवेअर आवाज निवडतं. ती इंग्रजी राहिली तर मराठी लेख इंग्रजी आवाजात वाचायचा प्रयत्न होतो आणि त्यातलं काही म्हणता काही समजत नाही.

---

प्रेषक: संकेतस्थळ समिती

ताई, तुमची ही मेल सरावाच्या पहिल्या बैठकीत वाचून दाखवायची आहे. परवानगी असावी.

काका, पेज बिल्डरबद्दल माझं स्पष्ट मत आहे की नको. ओढून ठेवणं सुरुवातीला सोपं वाटतं खरं. पण अनेक बिल्डर मजकुरात स्वतःच्या खुणा पेरतात, आणि पुढे ते प्लगइन बंद केलं की लेखात चौकटी कंसांतला कोड उरतो. मंडळात दर काही वर्षांनी माणसं बदलतात. पुढच्याला उलगडेल असंच काहीतरी मागे ठेवायला हवं.

आता जुने लेख. ते मागे राहणार नाहीत. त्या फॉन्टमध्ये साठवलेली अक्षरं मुळात रोमनच आहेत, फॉन्ट त्यांना फक्त देवनागरी आकार देतो. म्हणून शोधयंत्रालाही ते लेख सापडत नाहीत. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण त्यांच्यावर डोळे झाकून विसंबता येत नाही. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचं उलट: जुन्या पद्धतीत तो अक्षरानंतर येतो, युनिकोडमध्ये आधी. त्यामुळे गडबड होते ती 'निमित्त', 'स्थिती', 'वर्षा', 'कार्यक्रम' अशा शब्दांत. 'दऱ्या', 'तऱ्हा' यांतला अर्धा र सुद्धा दोन तऱ्हांनी साठवता येतो. दिसायला दोन्ही सारखे, पण शोधताना एक सापडतो, दुसरा निसटतो. सगळीकडे एकच पद्धत ठेवू. मुद्रितशोधनाला काका, तुमच्यासारखी नजर हवी. मूळ फाइली आम्ही न बदलता वेगळ्या जपून ठेवतो आहोत.

पानांच्या पत्त्याबद्दलही आताच ठरवू. वर्डप्रेस शीर्षकावरून पत्ता बनवतं. मराठी शीर्षकातलं प्रत्येक चिन्ह, काना-वेलांटी-हलन्तासकट, पत्त्यात 9 अक्षरांचं होतं आणि पत्त्याच्या त्या भागाची मर्यादा 200 अक्षरांची आहे. म्हणजे साधारण 22 चिन्हांनंतर पत्ता मध्येच तुटतो, आणि मेलमध्ये चिकटवला की टक्क्यांच्या खुणांची लांबलचक माळ दिसते. शीर्षक मराठीतच राहील, पत्ता मात्र रोमन लिपीत, आटोपशीर, हाताने द्यायचा. आणि जुन्या संकेतस्थळाचा प्रत्येक पत्ता नव्या पानाकडे कायमस्वरूपी वळवायचा, म्हणजेच '301 रीडायरेक्ट'. लोकांनी वर्षानुवर्षं जपून ठेवलेले दुवे एका रात्रीत मेलेले मला बघवणार नाहीत.

थीम निवडायची वेळ येईल तेव्हा एवढं पाहा: शीर्षकांना अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं नको. रोमन अक्षरांना ते शोभतं, आपली शिरोरेषा मात्र तुटते. ओळींमधली जागा इंग्रजीपेक्षा जास्त हवी, नाहीतर वरचे रफार-मात्रा आणि खालचे उकार एकमेकांना भिडतात. थीमच्या नमुना पानात खरा मराठी लेख टाकूनच निर्णय घेऊ.

---

प्रेषक: सचिव, कार्यकारिणी

सर्वांचे मनापासून आभार. कार्यकारिणीशी बोलून पुढील गोष्टी पक्क्या केल्या आहेत.

थीमचा विषय सध्या बाजूला. आधी मजकुराच्या प्रकारांचा तक्ता होईल, तो समिती याच मेल-यादीवर पाठवेल. नुसतं पोस्टर असलेलं पान प्रकाशित होणार नाही, खाली मजकूर हवाच. पेज बिल्डर घेणार नाही. जुन्या लेखांच्या मुद्रितशोधनाचं काम काकांनी आनंदाने स्वीकारलं आहे. त्यांच्या सोबतीला शुद्धलेखन चांगलं असलेले आणखी तीन-चार जण हवे आहेत.

स्वयंसेवकांना सुरुवातीला 'कॉन्ट्रिब्यूटर' ही भूमिका द्यायचा विचार होता, म्हणजे तपासल्याशिवाय काही प्रकाशित होणार नाही. पण समितीने लक्षात आणून दिलं की त्या भूमिकेत फोटो चढवता येत नाहीत आणि आपली निम्मी पानं फोटोंची आहेत. म्हणून चाचणी-संकेतस्थळावर सगळ्यांना 'ऑथर' करत आहोत, म्हणजे फोटो चढवता येतील आणि स्वतःचा मजकूर प्रकाशितही करता येईल. खऱ्या संकेतस्थळावर कोणाला काय द्यायचं ते सराव झाल्यावर ठरवू. 'ॲडमिनिस्ट्रेटर' फक्त दोघेच राहतील.

ज्यांना सरावात यायचं आहे त्यांनी या मेलला थेट मला उत्तर द्यावं, यादीला नको. कोणता जुना कार्यक्रम घेणार तेही लिहा, म्हणजे एकाच कार्यक्रमावर दोघे बसणार नाहीत.

सचिव